शंखाची कडी आणि केळीची पाने

लग्नकार्यात आलेला आहेर वहीत टिपून ठेवण्याची चाल आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. कोणी काय दिले, हे पुढे त्यांच्या घरच्या कार्याच्या वेळी पाहावयाचे असते. यास प्रेम म्हणावे की व्यवहार? वाचकहो, अशा प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणारी एक विद्याशाखा आहे. तिचे नाव आर्थिक मानवशास्त्र. माणसे वस्तू निर्माण करतात, वाटतात, देतात-घेतात, ती कोणत्या नात्यांच्या नि चालीरीतींच्या आधाराने, याचा शोध ती घेते.

पोलंडात जन्मलेला ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा तिच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रिअंड बेटांवर तो तंबू ठोकून राहिला, तेथील भाषा शिकला आणि १९२२ साली त्याने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ‘कुला’ नावाची देवघेव हा त्याचा विषय. बेटांचे एक विस्तीर्ण वर्तुळ आहे. त्यातून तांबड्या शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखाची कडी उलट दिशेने. त्यांसाठी लोक होड्या घेऊन भर समुद्रात जात. आणि मिळालेली वस्तू? काही काळ जवळ बाळगावयाची नि पुढच्या भागीदाराच्या हाती द्यावयाची! नामांकित माळेस स्वतःचे नाव असे, ती कोणाकोणाकडून आली याचा इतिहास असे. परतफेड लागलीच करावयाची नसे. ती केवढी करावी हे देणाऱ्यानेच ठरवावे, घेणाऱ्याने घासाघीस करू नये, असा दंडक होता.

याच सफरींत नित्योपयोगी जिनसांची अदलाबदलही होई आणि तीत घासाघीस भरपूर चाले. तिला मात्र ‘गिमवाली’ हा निराळा शब्द. अमक्याने कुलाची गिमवाली केली, असे म्हणणे ही उघड निंदा होती. अशा लोकांस ‘व्यवहार न कळणारे’ म्हणणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा. पुढे १९२५ साली मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तीन बंधने दानामागे असतात, असे प्रतिपादन केले.

मला स्वतःस या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. पन्नासाहून अधिक वर्षांनी अॅनेट वायनर ही विदुषी त्याच बेटांवर गेली. तेथील स्त्रिया केळीची पाने वाळवून त्यांच्या जुड्या बांधतात, घागरे करतात आणि मृत्यूनंतरच्या विधींत ते वाटतात, हजारोंच्या संख्येने. भाऊ दरवर्षी बहिणीच्या घरी कोनफळासारखे कंद पाठवितो. म्हणून तिच्यासाठी जुड्या जमविण्यास नवऱ्याला स्वतःचे धन खर्चावे लागते. मालिनोव्स्कीने कंदांच्या राशींचे सविस्तर वर्णन केले. स्त्रियांच्या या धनाची दखल मात्र त्याच्याकडून घेतली गेली नाही. वायनरबाईंचा ग्रंथ १९७६ साली निघाला.

आपल्याकडेही राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत गृहिणीचा स्वयंपाक, केरवारा, मुलांचे संगोपन धरले जात नाही. २०१९ साली भारत सरकारने लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे.

आपल्या बलुतेदारीचा विचार पुढील अंकी करू.