भट्टीआधी बाजारपेठ

बेकरीचा धंदा काढू पाहणाऱ्या तरुणांनी आधी भट्टीचा दर विचारावा आणि मग गिऱ्हाइकाचा शोध घ्यावा, ही रीत आम्हांस उलटी वाटते.

निपाणीचेच पाहा. येथून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर, कोल्हापूर मात्र सुमारे 40. खारी-टोस्टचे जवळचे गिऱ्हाईक कागल-कोल्हापुरात; परंतु 1956 च्या राज्यपुनर्रचनेने मध्ये सीमा आली. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, नाक्यांवरील खोळंबा सरला. सीमा मात्र वहीत उरली. कंपोझिशन योजनेची सवलत घेणाऱ्यास परराज्यात माल विकता येत नाही. ज्याची भिस्त कागलच्या दुकानदारावर आहे, त्याने हा हिशेब कर्ज काढण्यापूर्वीच मांडावयास हवा.

पाहणी म्हणजे छापील तक्ते भरणे नव्हे. पंधरा दिवस पहाटे चहाच्या टपऱ्यांवर जावे; पावाच्या किती लाद्या उतरल्या आणि संध्याकाळी किती उरल्या, ते मोजावे. बेळगावच्या कुंद्यासारखा पाव गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबत नाही!

आपल्या घरांचा खपही गृहीत धरू नये. चातुर्मासात, विशेषतः भाद्रपदातील दशलक्षण पर्वात, अनेक कुटुंबांत बेकरीचे पदार्थ वर्ज्य असतात. अंडे घातलेल्या केकच्या वेष्टनावर तपकिरी खूण छापावीच लागते. ती पाहून परतणारे गिऱ्हाईक शेजारची नानकटाईही नेत नाही. आमच्या मते पहिली भट्टी भाद्रपदाच्या खपापुरतीच घ्यावी. दिवाळी-नाताळची वाढीव मागणी पहिली दोन वर्षे जादा पाळी लावून भागवता येईल.