निवडुंगाचे फुटवे

सांदवाडी : साप्ताहिक सदर

नवतपा तोंडावर आला की नाकाडोंगरीत दोन कामं हमखास दिसतात. एक, कवेलू फेरणं. दुसरं, हौशी घरांतल्या निवडुंगाच्या कुंड्या पडवीतून उचलून भर उन्हात नेऊन मांडणं. पहिलं शहाणपणाचं. दुसऱ्याचं कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: वाळवंटातलं झाड आहे ते, त्याला ऊन नको का?

ऊन हवंच. पण आपल्याकडचे निवडुंग उन्हाने क्वचित मरतात. ते मरतात श्रावणात, झड लागलेली असताना, आणि मेल्याचं आपल्याला कळतं पोळ्याला.

माझंच घ्या. एकिनॉप्सिसचा एक गड्डा माझ्याकडे सात वर्षं होता. एका पिल्लाची अकरा डोकी झाली, कुंडी पुरेना, म्हणून घमेल्याला भोकं पाडून त्यात लावला. माती घातली ती बांधीतली, चांगली काळी कन्हार. जिच्यात धान पिकतं तिच्यात काय पिकणार नाही, असा तेव्हाचा माझा हिशेब. मग रोवणी लागली आणि घमेलं अंगणातच राहिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाहिलं तर झाड नेहमीपेक्षा टपोरं, हिरवंगार. कौतुकाने काटे चुकवून बोट लावलं आणि बोट आत गेलं. वरची साल शाबूत, आत नुसतं पिठलं.

मोबाइलवर अमेरिकेतल्या निवडुंगाच्या बागा पाहून आपण शिकतो, तिथेच गफलत होते. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. भंडारा जिल्ह्यात सरासरी 1,300 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे मे महिन्यात आपण वाळवंटाच्या पंक्तीला बसतो हे खरं, पण जुलैत पुन्हा तलावांचा जिल्हा होतो. व्हिडिओतल्या माणसाला जुलैची काळजी नसते.

आणि मे महिन्यातही आपण पूर्ण वाळवंट नसतो. निवडुंगाची रंध्रं दिवसा बंद असतात. रात्री हवा गार झाली की ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तो आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उन्हात त्याची साखर होते. उघड्या वाळवंटात सूर्य मावळला की पारा झपाट्याने उतरतो. आपल्याकडची मे महिन्यातली रात्र कशी असते ते लाईट गेल्यावर कळतं. अशा रात्री झाड बरंचसं मिटून बसतं, वाढ थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत. त्यात दुपारच्या तापल्या कुंडीत कुणी दयेपोटी तांब्या ओतला की मुळं उकडून निघतात. नवतप्यात द्यायचंच असेल तर दिवेलागणीनंतर, आणि तेही कुंडीच्या कडेने घोटभर.

आता फुटव्यांविषयी. हा शब्द इथे कुणाला समजावून सांगायला नको. धानाच्या चुडाला किती फुटवे आले यावर ज्यांचं वर्ष ठरतं, त्यांना मॅमिलेरिया किंवा एकिनॉप्सिस पाहताक्षणी कळतो. एक रोप लावा, बुंध्यातून पिल्लं फुटतात, पिल्लांना पिल्लं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरांत एकिनोसेरियस नावाच्या निवडुंगाच्या काही जाती शेकडो डोक्यांचे ढीग करतात. त्यांना ते फायद्याचं आहे. बाहेरच्या डोक्यांची आतल्यांना सावली, सगळ्यांची मिळून मुळांना सावली, वर काट्यांची जाळी. एखादं पिल्लू तुटून घरंगळलं तर ते दुसरीकडे रुजतं.

तोच दाटपणा आपल्या हवेत घात करतो. दोन डोक्यांच्या फटीत पाणी थांबतं, कडुलिंबाचा काडीकचरा अडकतो, पिठ्या ढेकूण तिथेच घर करतो आणि वरून काही दिसत नाही. धानाला जितके फुटवे तितकं भलं. निवडुंगाच्या बाबतीत मी उलट मताचा झालो आहे. घमेलंभर गड्डा मिरवणाऱ्यांचं मला आता कौतुक वाटत नाही, धास्ती वाटते. आठ-दहा डोकी झाली की फोडा आणि दोन-तीन कुंड्यांत वाटा.

फोडायचं फेब्रुवारीत. थंडी सरलेली असते आणि पावसाला अवकाश असतो. पाणी आठ दिवस आधी बंद. वर्तमानपत्राची जाड घडी करून पिल्लाला गुंडाळायची आणि हळूच पिळायची, बहुतेक सुटून येतात. न आलं तर धारदार सुरी, पुसून घेतलेली. जखमेवर गंधकाची चिमूट किंवा चुलीची चाळलेली राख. मग खरी परीक्षा, कारण दहा दिवस काहीच करायचं नाही. पिल्लं सुपात घालून सावलीत ठेवायची. जखमेवर कोरडी खपली धरली की मातीवर नुसती टेकवायची, पुरायची नाहीत. आमच्या घरी त्या सुपावर रोज कुणीतरी पाण्याचा हात फिरवायला जातं आणि रोज माझा आवाज चढतो.

मातीच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूने आहे. कन्हार, सिहार, मोरांड, खरडी, बरडी अशी उतरंड इथला शेतकरी मनात धरून असतो. बरडी सगळ्यांत खाली. वाटणीत बरडी वाट्याला आली की भाऊ भावाशी बोलत नाही. निवडुंगाला तीच हवी. खडा जास्त, माती कमी, पाणी ओतलं की तळातून पार. दोन घमेली बरडी, एक घमेलं घराच्या कामातून उरलेली जाड रेती, अर्धं घमेलं राईस मिलवरचा काळा, अर्धवट जळलेला कोंडा, दोन मुठी जुनं शेणखत. कोंड्याची पांढरी भुकटी झालेली राख घेऊ नका, ती पाण्याने थिजून बसते. एका मित्राने कुंडीवर शोभेसाठी मँगनीजची काळी खडी पसरायला सुचवलं होतं. दिसते झकास. पण काळा दगड उन्हात तव्यासारखा तापतो, आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला माल खाणीतच बरा.

मृगाच्या आत छप्पर हवं. खर्च मोठा नाही. चार बांबू आणि वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक, चारी बाजू उघड्या. वारा खेळला पाहिजे, नाही तर आत भट्टी होते. मृगापासून दसऱ्यापर्यंत कुंड्या त्याखाली. उघडीप पडली तर बारा-पंधरा दिवसांनी थोडं पाणी, झड असेल तर थेंबही नको. हिवाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा. मार्च-एप्रिलमध्ये मात्र माती सुकली की भरपूर, कारण कळ्या त्याच पाण्यावर धरतात. मे महिन्यात दुपारपुरती हिरवी जाळी, विशेषतः लहान मॅमिलेरियाला. सावलीतून एकदम उन्हात आणलेल्या झाडावर उतरत्या उन्हाच्या बाजूने पिवळट-पांढरा चट्टा पडतो आणि तो जन्मभर जात नाही.

विकत आणणाऱ्यांना एक सांगणं. लाल-पिवळ्या डोक्याचा जो निवडुंग हमखास गळ्यात मारला जातो, त्याच्या डोक्यात हरितद्रव्य नसतं. खालच्या हिरव्या खुंटावर तो जगतो, आणि खुंट थकला की संपतो. काही कुंड्यांत तर कागदी फूल डिंकाने चिकटवलेलं असतं. मीही एकदा आणलंय, पावसात फूल सुटलं तेव्हा कळलं. त्यापेक्षा शेजाऱ्याकडून एक पिल्लू मागा. घरात काटेरी झाड नको म्हणणारे शेजारी तर अख्खी कुंडी देऊन टाकतात.

बाहेरून आणताना नेमकं काय आणतोय ते न पाहण्याची खोड जुनी आहे. 1795 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लाल रंगासाठी ब्राझीलमधून किरमिजी किडा आणला. आला तो भलताच, हलका रंग देणारा. रंगाचा धंदा बसला आणि किड्याने इथल्या एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. निवडुंग कुळ जवळजवळ सगळं अमेरिकेचंच, त्यामुळे फड्याही पाहुणाच. कुंपणाला जो त्रिधारी असतो, तो मात्र निवडुंग कुळातलाच नाही. काप दिला की पांढरा चीक येतो, तीच खूण.

माझ्या अकरा डोक्यांतली तीन त्या पोळ्याला वाचली. पिठलं कापत वर गेलो, तपकिरी कडं संपून स्वच्छ हिरवा गर लागेपर्यंत, आणि उरलेले शेंडे सुपात टाकले. ती तीन आता बरडीत आहेत, गोठ्याच्या वळचणीला. एकाच्या कुशीतून वीतभर लांब, राखाडी केसांची कळी बाहेर आली आहे आणि आज संध्याकाळपासून टोकाला फुगली आहे. रात्री नऊ-दहाच्या सुमारास उमलेल, उद्या दुपारपर्यंत मान टाकेल. घरच्यांना जेवणं लवकर उरकायला सांगितलं आहे.

— कुंडीवाला