शरीर घडविणाऱ्याची परीक्षा कोणी घ्यायची?

(द्वितीय वर्ष, कला)

कारखान्यात विजेची जोडणी करायची असेल, तर परवानाधारक वायरमन लागतो. औषधे द्यायची असतील, तर १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. मग आपल्या खांद्यावर वजनाची सळई ठेवून ‘अजून दोन मार’ असे फर्मावणाऱ्या माणसाला काय लागते? फुगलेले दंड आणि घट्ट बनियन! डॉक्टर-वकिलांसारखी कायद्याने सक्तीची देशव्यापी नोंदणी जिममधल्या प्रशिक्षकाला नाही. ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती कशी असावी, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

व्यायाम शिकविणाऱ्यानेही आधी शिकले पाहिजे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्याने व्यायामशिक्षक तयार करण्याचे काम हाती घेतले. मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले. १९३८ साली कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था निघाली. आज शाळेतल्या खेळाच्या सरांना मान्यताप्राप्त शारीरिक शिक्षणाची पदविका किंवा पदवी लागते. म्हणजे शासनाला हे तत्त्व मान्य आहे, पण शाळेच्या मैदानापुरतेच. त्या मैदानाबाहेर पडलेला मुलगा जिममध्ये गेला की तो देवाच्या हवाली!

आमच्या निजामपुऱ्यासारख्या वस्तीत जिममध्ये कोण येतो, याचा विचार करा. बारा तास यंत्रमागासमोर उभा राहिलेला कामगार येतो, गोदामात पोती वाहणारा तरुण येतो आणि आपल्यासारखे विद्यार्थीही येतात. उकाड्यात दिवसभर घाम गाळून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लावल्या, तर स्नायूंच्या पेशी फुटतात, लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडावर घाला पडू शकतो. शिकलेला प्रशिक्षक आधी विचारील: छातीत दुखते का? चक्कर येते का? रक्तदाबाचे औषध चालू आहे का? कॅनडात अशा सात प्रश्नांची एक साधी यादी तयार झाली आणि ती जगभर वापरली गेली. सात प्रश्न विचारायला यंत्रसामग्री लागत नाही. विचारायचे असतात, हे माहीत असावे लागते.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका जिममध्ये ‘दम वाढेल’ म्हणून मेफेंटरमिनचे इंजेक्शन देण्यात आले. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी डॉक्टर वापरतात. दोन रात्री त्याची छाती धडधडत होती. घरी सांगायची सोय नव्हती, कारण फीचे पैसे आईने कांड्या भरून जमविले होते.

अशा प्रशिक्षकाला आपण सहज गुन्हेगार ठरवितो. पण नाण्याची दुसरी बाजू माझ्या घरातच आहे. माझा आतेभाऊ दहावीनंतर जिममध्ये लागला. पगार तुटपुंजा आणि पावडरचा डबा खपविला तर वर कमिशन. जे शिकला ते थोरल्या पोरांचे पाहून. त्याला शिकायची इच्छा आहे, पण चांगल्या अभ्यासक्रमाची फी त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी आणि पुस्तके इंग्रजीत. उद्या नोंदणी सक्तीची झाली, तर सर्वांत आधी घरी बसेल तो हाच.

माझे वडील यंत्रमाग चालवितात. मागाच्या आवाजावरून बिघाड कुठे आहे हे ते सांगतात. त्यांच्याकडे कसलेही प्रमाणपत्र नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा कागद नसलेला तो अडाणी, असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण धागा तुटला तर गाठ मारता येते. मणक्याला तशी गाठ मारता येत नाही. म्हणून परीक्षा हवीच.

या परीक्षेला पायऱ्या असाव्यात. आपल्याकडे २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट जाहीर झाली. तिच्यात कौशल्याचे स्तर ठरविलेले आहेत. अनुभवाने शिकलेल्याला पारखून प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनांत आहे. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या मंडळाने प्रशिक्षकापासून योगगुरूपर्यंत पायऱ्या केल्या आहेत. ब्रिटनमध्ये जिम इन्स्ट्रक्टर दुसऱ्या स्तरावर आणि पर्सनल ट्रेनर तिसऱ्या स्तरावर असतो. यातून आपणही बोध घ्यावा. पहिल्या पायरीवर प्रथमोपचार, ते सात प्रश्न आणि यंत्रांची माहिती एवढेच असावे. दुसऱ्या पायरीवर शरीरशास्त्र व आहार. मधुमेही, वृद्ध किंवा बाळंतीण यांना व्यायाम द्यायचा असेल, तर तिसरी पायरी. परीक्षा मराठी, हिंदी आणि उर्दूतून, मुख्यतः तोंडी व प्रात्यक्षिक असावी. फी परवडणारी असावी आणि जुन्या माणसांना पुरेशी मुदत द्यावी. प्रत्येकाची नोंदणी व स्तर भिंतीवर टांगलेला असावा. शिकविणाऱ्याने पावडर विकू नये, हा नियम तर पहिल्या दिवसापासून हवा.

कोणी म्हणेल, आपल्याकडे प्रमाणपत्रे विकत मिळतात, मग उपयोग काय? शंका रास्त आहे. पण बनावट नोटा निघतात म्हणून कोणी नोटा बंद करा म्हणत नाही. खरी-खोटी ओळखायला शिकतो. नोंदवही सर्वांना पाहता आली आणि तक्रारीनंतर नाव कमी होऊ लागले, तर त्या कागदाला वजन येईल.

तोवर आपण काय करावे? मित्रहो, जिममध्ये पैसे भरण्यापूर्वी ‘तुम्ही कुठे शिकलात?’ एवढे विचारण्याचे धैर्य दाखवा. गुरुजनांना माझी विनंती आहे की, जिमखान्यातर्फे वर्षातून एकदा प्रथमोपचाराचा वर्ग भरवावा. हृदय थांबल्यास मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती कशी दाबावी, हे तिथे शिकवावे. त्या वर्गाला वस्तीतल्या जिमच्या पोरांनाही बोलवावे. माझा आतेभाऊ पहिल्या रांगेत बसेल, याची हमी मी देतो.