चौदा दिवसांची मर्यादा

आज 1 ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 1990 मध्ये ठराव केला आणि 1991 पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. आज ठिकठिकाणी सत्कार होतील, शाल-श्रीफळ दिले जाईल, शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासली जाईल. हे व्हायलाच हवे. पण शिबिरात कोणी विचारत नाही असा एक प्रश्न आज विचारायला हवा : समोरासमोर बसून, घाई न करता, तुम्ही शेवटचे कोणाशी आणि कधी बोललात?

या प्रश्नाचे गांभीर्य आपल्या कायद्याला फार पूर्वी कळले होते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत सक्तमजुरीच्या कैद्याला एकांतकोठडी देण्याची तरतूद होती, पण तिला मर्यादाही होत्या. सगळी मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. मध्ये तेवढाच खंड हवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही मर्यादा तशीच ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे ‘नेल्सन मंडेला नियम’ आणखी स्पष्ट बोलतात. दिवसाचे बावीस तास किंवा त्याहून अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवासाची कैद, आणि सलग पंधरा दिवसांपलीकडे ती कोणालाही देता येणार नाही. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसालाही याहून जास्त एकटे ठेवू नये, इतके हे दुःख मोठे मानले गेले.

हाच हिशेब तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या घराला लावून पाहा. सकाळी दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली असते. कामवाल्या मावशी येतात, पण त्यांना पुढची चार घरे गाठायची असतात. औषधे घेऊन येणारा मुलगा चार आकडी ओटीपी विचारतो आणि जिना उतरतो. रविवारी परदेशातून व्हिडिओ कॉल येतो, त्यात नातू दोन वाक्ये बोलून पळतो. आठवड्याची बेरीज केली तर रोजचे दोन तास भरत नाहीत, आणि हे चौदा दिवस नव्हे, वर्षानुवर्षे चालते. तिथे कोणी कुलूप लावलेले नाही हे खरे. पण गुडघे दुखत असतील, लिफ्ट नसेल आणि खाली उतरून जायला ठिकाणच नसेल, तर उघड्या दाराचा उपयोग किती?

म्हणून एकटा राहणारा प्रत्येक जण दुःखी असतो, असे मात्र समजू नये. आपल्याकडे ही घाई फार होते. चाळीतल्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर-नणंदा, मुले आणि येणारे-जाणारे यांच्यात ज्या बाईची चाळीस वर्षे गेली, तिला कधी स्वतःची म्हणून दुपार मिळाली नाही. आता घर रिकामे आहे. ती अकराला जेवते, मनात आले तर स्वयंपाकच करत नाही, खिडकीशी बसून पुस्तक वाचते, रेडिओ हवा तेवढा मोठा लावते. तिच्याकडे बघून ‘बिचारी एकटी पडली’ म्हणणाऱ्यांना तिचे सुख दिसलेले नसते. उशिरा मिळालेल्या या एकांतावर तिचा पूर्ण हक्क आहे, आणि तिला बळेच कुठल्या मंडळात ओढून नेण्याचे कारण नाही.

पण याच बाईला संध्याकाळी समोरच्या दारातून ‘काकू, चहा टाकलाय’ अशी हाक येते, गुरुवारी भजनाला जायचे असते, धाकटी बहीण दोन स्टेशने पलीकडे राहते. तिची दुपार रम्य आहे ती या संध्याकाळच्या भरवशावर. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1958 मध्ये एकटे राहण्याच्या क्षमतेवर एक निबंध प्रसिद्ध केला. मूल एकटे रमायला शिकते ते आई जवळपास असताना, असे त्यांचे म्हणणे. आई खेळात भाग घेत नाही, पण ती आहे, एवढे मुलाला पुरते. सत्तरीतल्या माणसाचेही यापेक्षा वेगळे नसते. आपण हाक मारली तर कोणी ओ देईल, याची खात्री असलेला माणूसच निवांत एकटा बसू शकतो.

मराठी मनाला हे नवे नाही. तुकोबांचा भंडारा डोंगरावरचा एकांत सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळ, घरातले मृत्यू, बुडालेला व्यवहार, एवढे सोसल्यावर माणसांचा उबग आला असता तर नवल नव्हते. तरी ते देहूशी आणि देहूच्या माणसांशी जोडलेलेच राहिले. मोडकळीला आलेले देऊळ त्यांनी दुरुस्त केले आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवले आहे. डोंगरावर चिंतन एकट्याने होते. कीर्तनाला टाळकरी, विणेकरी, मृदंगी लागतात. वारकरी संप्रदायाने दोन्हींची सोय ठेवली, आणि एकादशी-वारीच्या तिथी ठरवून टाकल्या. कोणी बोलावण्याची वाट पाहायची गरजच राहिली नाही.

आमच्या मते सगळ्या विषयाचा गाभा हा ठरलेपणा आहे. सोबत मागावी लागली की तिची याचना होते. ‘वेळ असेल तर येऊन जा रे’ हे वाक्य मुलाला फोनवर म्हणताना बापाचा आवाज बदलतो. दुसऱ्यांदा तो ते म्हणतच नाही. विशेषतः नोकरी केलेल्या पुरुषांची फार पंचाईत होते. त्यांची माणसे कामाला जोडलेली होती. 8.12 च्या लोकलमधला घोळका, डब्यातले भजन, ऑफिसात एकत्र उघडलेले जेवणाचे डबे, यांतले काहीही त्यांनी मागून मिळवलेले नव्हते. निवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छ मिळतो आणि दुसऱ्या दिवशी हे सगळे एकदम थांबते. मग मुले सांगतात, बाबा, एखादा छंद लावून घ्या. छंद चांगलाच, पण तो माणसांची जागा भरून काढत नाही.

आणि नेमक्या याच काळात आपण माणसे भेटण्याची निमित्ते एकेक करून बंद करत आलो आहोत. हयातीच्या दाखल्याचे उदाहरण घ्या. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, ही जुनी पद्धत. रांग लागायची, पाय दुखायचे; पण त्या रांगेत जुने सहकारी भेटायचे, कोण गेले ते कळायचे, बाहेर पडून चहा व्हायचा. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली आणि आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही घरबसल्या काम होते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही सोय म्हणजे मोठा दिलासा आहे, ती परत घ्या असे कोणी म्हणणार नाही. पण वीजबिल, किराणा, पासबुक, औषधे असे सगळेच दारात आले, तेव्हा बाहेर जाण्याची कारणे संपली आणि त्यांच्या जागी आपण काही ठेवले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या अहवालात म्हटले आहे की जगात सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि वर्षाला 8 लाख 71 हजार मृत्यूंशी त्याचा संबंध असल्याचा अंदाज आहे. त्यात तरुणांचे प्रमाणही मोठे आहे, तेव्हा हा केवळ म्हातारपणाचा प्रश्न नव्हे. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये या विषयासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेतच साठी ओलांडलेले दहा कोटींहून अधिक होते. मंत्री नेमायचा की नाही ते सरकार ठरवील; बाकडे टाकायला मंत्री लागत नाही.

पूर्वी चौकाचौकांत लाकडी फळ्यांवर वर्तमानपत्रे लावलेली असत. काही गावांत अजून आहेत. तिथे सकाळी आठ-दहा माणसे उभी राहून मुकाट वाचत असतात. पान उलटायचे असेल तर शेजाऱ्याचे वाचून होईपर्यंत थांबायचे. एखाद्या बातमीवर कोणीतरी ‘च्च’ करतो, दुसरा मान हलवतो, एवढेच बोलणे. कमी बोलणाऱ्या माणसाला याहून चांगली सोबत आम्हाला माहीत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाचनकक्षातही हेच मिळते. ग्रंथालयांसाठी महाराष्ट्राने 1967 मध्ये कायदा केला, त्यांना अनुदान दिले जाते. त्या अनुदानाकडे केवळ पुस्तकांचा खर्च म्हणून पाहू नये. बागेतल्या कट्ट्याचेही तसेच. तिथे तीच गुडघेदुखी आणि तेच राजकारण रोज चालते, पण एक जण दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घराची बेल वाजवते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा कालपर्यंत उरकल्या असतील. 30 सप्टेंबर ही त्यांची मुदत. पार्किंग, गळती, लिफ्टचा देखभालखर्च यांवर तास-दीड तास गेला असेल. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत आणखी तीन विषय घ्यावेत. जिन्याजवळ सावलीत एक बाकडे, पाठ टेकता येईल असे. संस्थेचे सभागृह किंवा कार्यालय रोज संध्याकाळी दोन तास विनाभाडे उघडे, दोन वर्तमानपत्रांसह. आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांची यादी, तिच्यातल्या प्रत्येक नावापुढे त्याच मजल्यावरच्या एका शेजाऱ्याचे नाव, त्या सभासदाला विचारून आणि त्याला हवे असेल तरच. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. तो क्रमांक आजच सूचनाफलकावर लावा.