अण्णांचं मेंडोलिन, नातीचं उकुलेले

गेल्या मे महिन्यात चार दिवस बेंगळूरला आतेबहिणीकडे गेलो होतो. शहराचं नाव कागदोपत्री बेंगळुरू झालंय, पण मल्लेश्वरमच्या त्या घरात अजून ‘बेंगळूर’च चालतं. ताईचं सासर तीन पिढ्यांपासून तिथलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पोहोचलो त्याच संध्याकाळी चहाबरोबर एक भांडण माझ्या पुढ्यात आलं. पाहुणा आला की रेंगाळलेला खटला त्याच्यासमोर ठेवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत!

खटला असा होता. बारा वर्षांच्या भाचीला उकुलेले शिकायचं होतं. वर्गातल्या दोघी-तिघी ते वाजवतात. भाऊजींचं म्हणणं, “माळ्यावर अण्णांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन नऊ वर्षं पडून आहे. तेही तेवढंच लहान, त्यालाही चारच तारा. त्याचंच उकुलेले करून घेऊ.” आणि ताईच्या सासूबाईंचं, म्हणजे काकूंचं, एकच वाक्य : “ह्यांच्या वाद्याला हात लावायचा नाही.”

अण्णा म्हणजे काकूंचे यजमान. कारखान्यातली नोकरी सांभाळून हौसेनं वाजवणारे. ते गेले आणि मेंडोलिन पेटीत बंद झालं, ते झालंच.

मी न्यायाधीश व्हायला नकार दिला. पण कुतूहल गप्प बसू देईना. मेंडोलिनचं उकुलेले खरंच होतं का?

दुसऱ्या दिवशी कळलं की भाऊजींनी एक प्रयोग आधीच करून पाहिला होता, तोही काकू देवळात गेल्या असताना. बाजारातून उकुलेलेच्या नायलॉनच्या तारा आणून त्यांनी मेंडोलिनवर चढवल्या, वायर अॅम्प्लिफायरला जोडली, भाचीनं तार छेडली आणि... काहीच नाही! आवाज पूर्ण वाढवला तरी स्पीकरमधून नुसती घरघर.

वाचकहो, यात वाद्याचा दोष नव्हता. इलेक्ट्रिक मेंडोलिनच्या तारांखाली ‘पिकअप’ नावाची एक पट्टी असते. तिच्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि अॅम्प्लिफायर ती मोठी करतो. म्हणजे हे वाद्य आवाज ऐकतच नाही. त्याला कळतं ते फक्त पोलादाचं हलणं. नायलॉन चुंबकाच्या खिजगणतीतही नाही.

नायलॉनसाठी वेगळा उपाय आहे. दाबावर चालणारी ‘पिएझो’ पट्टी घोडीखाली बसवायची. पण त्यासाठी घोडी कोरावी लागते आणि कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही. पोलादी तारा ठेवून फक्त स्वर बदलायचे, हा दुसरा मार्ग. त्यात वाद्याला जखम होत नाही.

आता स्वरांचं गणित पाहू. पेटी वाजवणाऱ्यांना ते लगेच कळेल. मेंडोलिनच्या तारा, जाडीकडून बारकीकडे, लावतात पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. व्हायोलिनचीही हीच जुळणी. म्हणूनच व्हायोलिनवाल्याला मेंडोलिनवर बोटं शोधावी लागत नाहीत.

उकुलेलेचं तसं नाही. तिथे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला ‘सा’ माना, की झाले प, सा, ग, ध! भूपाचे रिषभ सोडून सगळे स्वर मोकळ्या तारांवर हजर. गंमत म्हणजे हा पंचम खर्जातला नाही, गंधार-धैवताच्या मधला आहे. जिथे सर्वांत जाड तार असायला हवी, तिथे बारीक तार बसते आणि उकुलेलेला तो उड्या मारणारा, हसरा आवाज मिळतो. एक बोट पांढरी सहाच्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी ठेवलं की गाण्याच्या साथीला लागणारा पहिला ‘कॉर्ड’ तयार. मुलांना ते आवडतं ते यासाठीच. पहिल्याच दिवशी गाणं म्हणता येतं.

दोन्ही वाद्यांत तारेची वाजती लांबी जवळजवळ सारखी. मेंडोलिनची सुमारे ३५ सेंटिमीटर, सर्वांत लहान उकुलेलेची ३३ ते ३५. तेव्हा पडदे हलवायला नकोत. एक तार तर जशीच्या तशी चालते. मेंडोलिनची पांढरी सहा आणि उकुलेलेची पांढरी सहा, दोन्ही सेकंदाला ४४० कंपनांची. फक्त तिची जागा बदलायची.

एवढं समजल्यावर मला राहवेना. पण काकूंचं काय? मी त्यांना म्हटलं, “काकू, दुरुस्तीवाल्याला नुसतं दाखवून आणू. तुम्हीही चला. तुम्ही ‘नको’ म्हणालात की पेटी परत माळ्यावर.” त्या आल्या, पण पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन.

वाटेत चौडय्या स्मारक सभागृह लागलं. ही १९८० साली उभी राहिलेली वास्तू चक्क व्हायोलिनच्या आकाराची आहे. खुंट्या, तारा, घोडी सगळं इमारतीवर दिसतं. म्हैसूरचे टी. चौडय्या (१८९५-१९६७) हे कर्नाटक संगीतातले नामांकित व्हायोलिनवादक. ध्वनिक्षेपक सर्रास नव्हते त्या काळात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून त्यांनी चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा चढवल्या आणि सात तारांचं व्हायोलिन वाजवलं. ज्या माणसानं वाद्यात फेरफार केला त्याचं स्मारक शहरानं वाद्याच्याच आकारात बांधलं! मी हे काकूंना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, “मला काय सांगतोस? मी इथे चाळीस वर्षं मैफली ऐकतेय.” मी गप्प.

दुरुस्तीवाले गृहस्थ साठीचे. दुकान म्हणजे एका बोळातली दहा बाय आठची खोली, भिंतीवर वीणा, गिटार, व्हायोलिन लटकलेली. त्यांनी पेटी उघडली, मेंडोलिन उजेडात धरलं आणि कन्नडमिश्रित हिंदीत विचारलं, “हे आधी कोणी बदललंय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी दाखवलं. खुंट्या आठ, तारा चार. चार तारा कधीतरी तुटल्या असतील, असा भाऊजींचा समज. पण मेंडोलिनला मुळात आठ तारा असतात, जोडीजोडीनं. दांडीच्या टोकाला तारा जिथून जातात ती खाचांची पट्टी, गिटारवाले तिला ‘नट’ म्हणतात, तिच्यात आठ खाचा हव्यात. इथे होत्या चारच, मोजून समान अंतरावर आणि पट्टी हाडाची, हातानं घासलेली. “कारखान्यात असं करत नाहीत. ज्यानं केलं त्याचा हात चांगला होता,” ते म्हणाले. मग त्यांनी पेटीच्या आतल्या कप्प्यात बोटं घातली. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी निघाली. आठ खाचांची. मूळची!

काकू बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्यांनीच केलं होतं. विसरलेच होते मी. श्रीनिवासची कॅसेट आणली होती. कारखान्यातून आले की जेवण बाजूला ठेवून कानशीनं घासत बसायचे. दोन रात्री.”

श्रीनिवास म्हणजे यू. श्रीनिवास. जन्म १९६९ चा, आंध्रातल्या पालकोल्लूचा. वडील क्लॅरिनेट वाजवायचे. घरातलं मेंडोलिन या मुलानं सहाव्या वर्षी हाती घेतलं. त्याचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू यांना मेंडोलिन येत नव्हतं. ते गाऊन दाखवत आणि मुलगा ते वाद्यातून काढी. अडचण ही की कर्नाटक संगीताचा प्राण म्हणजे गमक, स्वराचं ते डोलणं. जोडतारांच्या मेंडोलिनवर तार ओढून ते काढणं कठीण आणि आवाजही चटकन विरतो. श्रीनिवासनं इलेक्ट्रिक मेंडोलिन घेतलं, जोडतारा टाकून एकेरी तारा ठेवल्या, पुढे खर्जासाठी पाचवी तारही वाढवली. परदेशी वाद्य म्हणून सुरुवातीला नाकं मुरडली गेली. नंतर त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ साली, अवघ्या ४५ व्या वर्षी, चेन्नईत त्याचं निधन झालं. पण त्याच्या कॅसेटनं किती घरांत किती जणांना कानशी हातात घ्यायला लावली असेल, कोण जाणे! आमचे अण्णा त्यातलेच एक.

आणि ज्या उकुलेलेसाठी हा सगळा खटाटोप, ते तरी मूळचं कुठलं? १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून पोर्तुगालच्या मदैरा बेटावरची माणसं हवाई बेटांवर उसाच्या मळ्यात मजुरीला गेली. त्यांच्याबरोबर तिकडची छोटी चारतारी वाद्यं गेली. जहाजावरच्या सुतारांनी हवाईत बस्तान बसवल्यावर तिथल्या लाकडात ती घडवली, जुळणी बदलली आणि उकुलेले जन्माला आलं. तेही एका वाद्याचं दुसरं झालेलंच.

काकूंनी प्लॅस्टिकची पट्टी परत कागदात गुंडाळली आणि दुरुस्तीवाल्यांना विचारलं, “ही हाडाची पट्टीही अशीच जपून ठेवता येईल ना?”

“अम्मा, न मोडता काढतो.”

“मग करा.”

काम तसं अर्ध्या दिवसाचं. मेंडोलिनच्या तारांचा नवा जुडगा घेतला. त्यात पांढरी सहाच्या दोन तारा येतात, इंचाच्या हजार भागांपैकी १४ भाग जाडीच्या. एक उकुलेलेच्या पांढरी सहाला लागली, दुसरी एक स्वर उतरवून पांढरी पाचला. पांढरी दोनची तार एक स्वर उतरवून पांढरी एकला. राहिली पांढरी तीन. तिच्यासाठी गिटारची १८ भागांची सुटी तार. १४ ची तार तिथवर उतरवली तर ती इतकी सैल पडते की पडद्यांवर खडखडते. नवी पट्टी या नव्या जाडीच्या खाचा पाडून बसवली. मोकळ्या तारेचा स्वर आणि बाराव्या पडद्यावरचा स्वर बरोबर एका सप्तकाच्या अंतरानं जुळेपर्यंत घोडी किंचित सरकवली. झालं.

आता खरं सांगायचं तर हे शंभर टक्के उकुलेले नाही. मेंडोलिनची दांडी अरुंद. खाचांच्या पट्टीपाशी जेमतेम २८-३० मिलिमीटर, तर उकुलेलेची साधारण ३५. बोटांची गर्दी होते. पोलादी तार नायलॉनसारखी मऊ नसते. पहिले पंधरा दिवस भाचीची बोटं दुखली. आवाजही गोड गुबगुबीत नाही, खणखणीत आहे. नुसतं शिकायचं असेल तर साधं उकुलेले दोन-तीन हजारांत मिळतं, तेच घ्यावं. पण घरातलं मुकं वाद्य बोलतं करायचं असेल, तर ही वाट वाईट नाही.

तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. सगळ्या तारा एकदम काढू नका. घोडी नुसती दाबानं उभी असेल तर आधी तिची जागा पेन्सिलीनं आखा आणि एकेक तार बदला. तारेचं टोक कडीचं आहे की मण्याचं, ते वाद्य बरोबर नेऊनच पाहा. जुना अॅम्प्लिफायर लावण्याआधी त्याची वायर आणि तीन पिनांच्या प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पोलादी तारेला हात लागलेला असतो, तिथे हयगय नको. आणि चौथी गोष्ट अण्णांकडून शिकलेली. काढलेला जुना भाग कधी फेकू नका. जे परत करता येतं, ते करायला घरातली मोठी माणसंही फार हरकत घेत नाहीत.

परवा ताईचा फोन आला होता. भाचीला आता सहा कॉर्ड येतात. संध्याकाळी काकू भजन म्हणतात आणि नात साथ धरते. ताल चुकला की बोलणीही खाते. पेटीच्या कप्प्यात आता दोन पट्ट्या आहेत, एक प्लॅस्टिकची, एक हाडाची. दुसरी काकूंनी स्वतः कागदात गुंडाळून ठेवली आहे. नातीला कधी आजोबांसारखं मेंडोलिन वाजवावंसं वाटलं, तर अडायला नको म्हणून.