घरच्या बरणीलाही लेबल हवं

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या छिंदवाड्याच्या बातम्या तुम्हाला आठवत असतील. खोकल्याच्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल निघालं आणि लहान मुलं दगावली. काहींवर नागपुरात उपचार चालू होते. त्या आठवड्यात आमच्या हापिसात, सोसायटीत, नातेवाइकांत सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायचं, "त्यापेक्षा आपलं घरचं बरं!" मलाही ते शंभर टक्के पटलं. माझी मुलगी सात वर्षांची आहे, आणि थंडी पडली की तिचा घसा धरतोच.

झालं! डोक्यात खूळ शिरलं, की आजी करायची तशा खोकल्याच्या गोळ्या घरी करायच्या. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, परसाच्या कुंपणाला अडुळसा होता (गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम). त्याची पानं, तुळस, आलं, ज्येष्ठमध यांचा काढा करून आजी साखरेच्या पाकात घालायची. आजी आता नाही. म्हणून आत्याला फोन लावला.

"आत्या, पाक किती वेळ उकळायचा?"
"होईस्तोवर."
"पण झाला हे कळणार कसं?"
"अरे, कळतं!"

आयुष्यभर डॉक्युमेंटेशन नसलेला कोड वाचत आलोय, त्यामुळे मी डगमगलो नाही :)

पहिल्या शनिवारी पाक गोळीबंद झाल्यावर उतरवला. गोळीबंद म्हणजे साधारण ११५ अंश सेल्सियस. हा लाडवांचा पाक, गोळ्यांचा नव्हे. ताटाला चिकटलेला तो चिकटा निघायला दोन दिवस लागले. दुसऱ्या शनिवारी पाक करपला. तिसऱ्या वेळी थर्मामीटर आणला आणि मग उलगडा झाला. कडक गोळीसाठी पाक १५० अंशांपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे त्यात पाणी जवळजवळ उरतच नाही. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाकायचा. तो लगेच कडक होऊन कट्टकन मोडला की झालं. आत्याचं "कळतं" ते हेच.

आणखी एक गंमत. पाक ढवळत राहिलात तर साखरेचे कण परत जमतात आणि वडी होते. एस.टी. स्टँडवर मिळणारा आलेपाक असा, घोटून केलेला. काचेसारखी गोळी हवी असेल तर उकळी आल्यावर चमचा लावायचा नाही, आणि चमचाभर लिंबाचा रस घालायचा. आंबटपणामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ती कण जमू देत नाहीत. आजीही लिंबू पिळायची. मला इतकी वर्षं वाटायचं, चवीसाठी.

तर माझं प्रमाण असं : दोन कप पाण्यात अडुळशाची आठ-दहा पानं, मूठभर तुळस, दोन इंच ठेचलेलं आलं, ज्येष्ठमधाच्या ठेचलेल्या काड्या. आटवून अर्धा कप करायचं, गाळायचं. त्यात अर्धा किलो साखर आणि लिंबू. १५० अंशांना उतरवून तूप लावलेल्या ताटात ओतायचं, गरम असतानाच सुरीने चौकोन पाडायचे, गार झाल्यावर पिठीसाखरेत घोळवून बरणीत. (पाक अंगावर उडू देऊ नका. तो चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं.) शंभरेक गोळ्या झाल्या. बरणी फडताळात ठेवली आणि मी कॉलर ताठ करून फिरलो.

सगळ्यात खूश झाले बाबा. त्यांच्या आईच्या हातची चव! दिवसाला आठ-दहा गोळ्या चघळायला लागले. "औषधच आहे रे, घरचं," असं म्हणत. वय ७१, बीपीची गोळी चालू, साखर काठावर. महिन्याभराने नेहमीच्या तपासणीत बीपी बरंच चढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही खाताय का? बाबांनी अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ज्येष्ठमध आधी बंद करा.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन बरेच दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब वाढतो. हे मी त्या रात्री वाचलं. मग हिशेब केला. अर्धा किलोच्या शंभर गोळ्या, म्हणजे गोळीला पाच ग्रॅम साखर. दहा गोळ्यांची ५० ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेची दिवसभराची वरची मर्यादा साधारण एवढीच, आणि त्याच्या निम्मी असेल तर उत्तम. हा भागाकार माझ्या मुलीलाही जमला असता. मी केला नाही, कारण गोळ्या 'घरच्या' होत्या.

बीपी गोळ्यांमुळेच चढलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. बंद केल्यावर उतरलं, एवढंच मला माहीत आहे. पण माझं एक मत तेव्हापासून बदललं.

"आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य आपण किती सहज फेकतो! अडुळशात व्हॅसिसीन असतं. खोकल्याच्या औषधांत वापरलं जाणारं ब्रोमहेक्झीन त्यावरूनच बेतलंय. म्हणजे पानात गुण आहे, मान्य. पण त्याच व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा टाळायला सांगतात. ज्यात गुण आहे ते कुणाला तरी बाधणारच. काहीच बाधत नसेल तर ती नुसती साखर.

आणि छिंदवाड्याने शिकवलं ते "बाहेरचं वाईट, घरचं चांगलं" असं नव्हतंच मुळी. बाटलीत काय आहे हे ज्यांनी तपासायला हवं होतं त्यांनी तपासलं नाही, हा तो धडा. मग माझ्या बरणीत काय आहे, ते कुणी तपासलं होतं? करणारा मीच, तपासणाराही मीच, आणि मी पाक किती चकचकीत झालाय ते बघत बसलो होतो.

म्हणून गोळ्या करणं मी सोडलेलं नाही. घरी कराच. कडक गोळी चघळली की लाळ सुटते, घसा ओला राहतो, ढास जरा कमी होते. एवढं काम ती प्रामाणिकपणे करते. खोकला ती बरा करत नाही. आठवडाभर खोकला हटला नाही तर दवाखाना गाठायचा, आणखी एक बरणी भरायची नाही.

आता ज्येष्ठमध आणि अडुळसा दोन्ही काढून टाकलेत. उरलं आलं, तुळस, मिरी. बरणीवर चिठ्ठी चिकटवली आहे : काय घातलं, कधी केलं, एका गोळीत साखर पाच ग्रॅम, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये (घशात अडकते). बाबांनी चष्मा लावून ती सगळी वाचली, आणि म्हणाले, "आईने असली चिठ्ठी कधी लावली नव्हती."

खरंय. पण आजी बरणी फडताळात वरच्या फळीवर ठेवायची आणि मागितल्यावर एकच गोळी हातावर ठेवायची. कोणाला द्यायची, किती द्यायची, ते तिच्या डोक्यात होतं. कृती मी फोनवरून उतरवून घेतली, तेवढं विचारायचं राहिलं.