सराफ बाजारातील नियोजित कार्यालय इमारतीचा आराखडा बदलण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
नाशिक.

विषय : पेशवेकालीन सरकारवाड्याच्या परिसरातील नियोजित ‘ऊर्जाबचत’ इमारतीची काचेची दर्शनी बाजू रद्द करणे.

संदर्भ : आमची यापूर्वीची अनुत्तरित निवेदने.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी व व्यापारी याच विषयावर पुन्हा एकदा निवेदन सादर करीत आहोत. इमारतीला आमचा विरोध नाही, विजेची बचत आम्हालाही हवी आहे. विरोध आहे तो काचेला.

रस्त्याकडची बाजू पश्चिमेची. आराखड्यात ती तळापासून माथ्यापर्यंत काचेची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याने अडत नाही. मग एसी दिवसभर चालणार, आणि त्यांची बाहेरची युनिटे दाखवली आहेत आमच्या बोळात! जिथे दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावे लागते, तिथे ही गरम हवा जाणार कुठे? उन्हाळ्यात जागेवर नमुन्याची एकच काच उभी केली होती. तिची तिरीप समोरच्या वाड्याच्या माडीत थेट देवघरापर्यंत जाई; तिथल्या आजींनी खिडकीला गोधडी बांधली, ती आजही तशीच आहे. काचेला फिल्म लावू, असे दिवाळीआधीच्या बैठकीत सांगितले गेले. परावर्तक फिल्मने कार्यालय थोडे गार होईल, बोळ आणखी तापेल, हे आम्ही तेव्हाच म्हटले होते. सुधारित आराखडा पाडव्यापर्यंत दाखवतो, हाही शब्द आपल्याच कार्यालयाचा. पाडवा जाऊन गणपती आले.

नाशिकला उन्हाळ्यातही रात्री हवा गार होते. इथले जुने वाडे त्यावरच गार राहतात : जाड भिंती, लहान खोल खिडक्या, वरून उघडा चौक. तेच नव्या इमारतीत करता येईल. पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहे आणि दप्तराच्या खोल्या घ्या. बसण्याच्या खोल्या उत्तर-दक्षिण ठेवा. मध्ये चौक सोडा आणि रात्री झरोके उघडे राहतील अशी सोय करा. यात परदेशातून आणण्यासारखे काहीच नाही.

आमच्या मागण्या :

१. पश्चिमेची काच रद्द करून तिथे भरीव भिंत, मोजक्या खिडक्या व त्यांना बाहेरून उभ्या पट्ट्या घ्याव्यात. फिल्मचा पर्याय आम्हाला मान्य नाही.
२. एसीची युनिटे बोळातून हलवावीत.
३. विजेचे पॅनेल व जनरेटर तळघरात नकोत. 2008 च्या महापुरात सराफ बाजारात पाणी शिरले होते.
४. सौरपटल गोदावरीच्या घाटावरून दिसू नयेत.
५. पाया खोदण्यापूर्वी शेजारच्या वाड्यांच्या भिंतींची पाहणी व्हावी.

सुधारित आराखडा आम्हाला दाखवेपर्यंत काम थांबवावे आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. तोंडी आश्वासन यापुढे स्वीकारले जाणार नाही. उत्तर न आल्यास आम्ही बांधकामाच्या जागेवर साखळी उपोषणास बसू.

आपले नम्र,
रहिवासी व व्यापारी, सराफ बाजार परिसर, नाशिक
(सोबत : सह्यांची यादी, पूर्वीच्या निवेदनांच्या पोच-प्रती)